पीपीपीतून स्मार्ट सिटीची कामं: पैसा आधी कोण घालतो आणि शेवटी कोण भरतो

प्रश्न थोडक्यात असा: महाराष्ट्रातल्या एका मध्यम महापालिकेची स्मार्ट सिटी कंपनी आहे, केंद्राचं अनुदान संपलं आहे, आणि आता सांडपाण्याचा पुनर्वापर, एलईडी पथदिवे आणि नियंत्रण केंद्राचा (शहरातले कॅमेरे आणि सेवा एका जागेवरून पाहणाऱ्या केंद्राचा) विस्तार ही तीन कामं पीपीपीवर, म्हणजे सरकार-खासगी भागीदारीतून, काढायची आहेत. खासगी पैसा कसा उभा करायचा, कुठलं मॉडेल घ्यायचं आणि अशी टेंडरं अडकतात कुठे?

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. खासगी भागीदार पैसा देत नाही, तो आगाऊ घालतो आणि व्याज-नफ्यासह परत घेतो. परत घ्यायला त्याच्यासमोर दोनच खिसे असतात: सेवा वापरणाऱ्याचा किंवा महापालिकेचा. जाहिरात, जागेचं भाडं, पार्किंग ही तिसरी बाजू सादरीकरणात मोठी दिसते, पण वर्षाअखेरीच्या हिशेबात फार थोडी उरते. म्हणून डीपीआरच्या (सविस्तर प्रकल्प अहवालाच्या) आधी एका कागदावर पुढच्या पंधरा वर्षांचा तक्ता करा: दर वर्षी किती देणं लागेल आणि ते कोण भरेल. हा कागद मुख्य लेखापालांनी सही करून दिला नाही तर पुढे जाऊ नका. बहुतेक फसलेल्या प्रस्तावांत हाच कागद नसतो.

स्मार्ट सिटी मिशनकडे पाहिलं तरी हे दिसतं. २५ जून २०१५ ला मिशन सुरू झालं, १०० शहरं, केंद्राचा वाटा ४८,००० कोटी. शहरांनी मिळून दोन लाख कोटींहून जास्त रकमेचे प्रस्ताव केले आणि त्यातला साधारण २१ टक्के पैसा पीपीपीतून येईल असं धरलं. ३१ मार्च २०२५ ला मिशन संपलं तेव्हा प्रत्यक्ष पीपीपी त्याच्या जवळपासही नव्हती. कारण अवघड नाही. निवडलेली बरीचशी कामं रस्ते, पदपथ, उद्यानं, कॅमेरे, नियंत्रण केंद्रं अशी होती. त्यांचं शुल्क कुणी भरत नाही, मग बँकेने कर्ज कशाच्या भरवशावर द्यायचं?

त्यामुळे तुमच्या तीनपैकी नियंत्रण केंद्र यादीतून काढा. त्याला स्वतःचं उत्पन्न नाही आणि सहा-सात वर्षांत यंत्रणा जुनी होते, म्हणजे पंधरा वर्षांच्या कराराला ते मुळातच योग्य नाही. सिस्टिम इंटिग्रेटर (सगळी यंत्रणा बसवून जोडून देणारी कंपनी) नेमा, पाच वर्षांची देखभाल करारातच घ्या, पैसा बजेटमधून द्या. नियंत्रण केंद्रासाठी टाकलेले डक्ट (केबलच्या नळ्या) आणि ऑप्टिकल फायबर मात्र दूरसंचार कंपन्यांना भाड्याने देता येतात. तिथे उत्पन्नातला वाटा आणि वार्षिक किमान हमी रक्कम अशी रचना चालते. फक्त खोदाई परवान्याचे दर मनाला येतील तसे लावता येणार नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या राइट ऑफ वे (केबल टाकायच्या मार्गहक्काच्या) नियमांच्या चौकटीतच ते बसवावे लागतात.

आता सांडपाणी. पीपीपीला खरोखर साजेसं काम हेच, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

दोन रस्ते आहेत. पहिला हायब्रीड अ‍ॅन्युइटी, म्हणजे हॅम. नमामि गंगेमध्ये वाराणसी, हरिद्वार, मथुरा इथल्या सांडपाणी केंद्रांसाठी हीच रचना वापरली गेली: भांडवली खर्चाचा ४० टक्के भाग बांधकामाच्या टप्प्यांनुसार सरकारी पैशातून, उरलेला ६० टक्के खासगी कंपनी घालते आणि तो तिला १५ वर्षांत व्याजासह हप्त्यांनी मिळतो. देखभालीचा खर्च वेगळा. दुसरा रस्ता व्हायबिलिटी गॅप फंडिंग, म्हणजे व्हीजीएफ: प्रकल्प परवडण्यात जी तूट राहते ती भरून काढणारं सरकारी अनुदान. २०२० च्या सुधारित योजनेत पाणी, सांडपाणी आणि घनकचरा या कामांना केंद्राकडून प्रकल्पखर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि राज्याकडून आणखी ३० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. अट अशी की वापरकर्त्यांच्या शुल्कातून चालवण्याचा पूर्ण, म्हणजे १०० टक्के खर्च निघाला पाहिजे. बँका याच अटीवर अडतात.

इथे एक चूक वारंवार होते. पालिका हॅमचं टेंडर तयार करते आणि वर व्हीजीएफचाही अर्ज करते. व्हीजीएफ ठरलेल्या दराने वापरकर्त्याकडून शुल्क घेणाऱ्या प्रकल्पासाठी आहे. पालिकाच हप्ते भरणार असेल तर तो अर्ज टिकत नाही. शिवाय व्हीजीएफचा पैसा पहिल्या दिवशी येत नाही. कंपनीचं स्वतःचं भागभांडवल पूर्ण खर्च झाल्यावर, कर्जाच्या उचलीच्या प्रमाणात तो सुटतो. रोखीचा तक्ता त्या क्रमानेच मांडा. योजनेची मंजुरी २०२४-२५ पर्यंतची होती, त्यामुळे अर्ज करण्याआधी मुदतवाढीचा आदेश हातात घ्या.

हॅमचा हिशेब आकड्यांत पाहू. समजा ४० एमएलडीचं (दिवसाला ४० दशलक्ष लिटर) सांडपाणी केंद्र, तृतीयक प्रक्रियेसह (पाणी पुन्हा वापरण्याजोगं करणारा शेवटचा टप्पा), खर्च १०० कोटी. ४० कोटी तुम्ही बांधकामात दिले. उरलेले ६० कोटी कंपनीचे. त्यात नेहमीच्या ७०:३० प्रमाणात ४२ कोटी कर्ज आणि १८ कोटी भागभांडवल. १० टक्के व्याज आणि १५ वर्षांचा समान हप्ता धरला तर वर्षाला साधारण ७.९ कोटी. देखभाल ६ कोटी धरा. म्हणजे पहिल्या वर्षीच जवळजवळ १४ कोटींची बांधील देणी, आणि देखभालीचा भाग महागाई निर्देशांकाबरोबर वाढत जाणार.

आता उत्पन्न. ३० एमएलडी शुद्ध केलेलं पाणी उद्योगांना हजार लिटरमागे १५ रुपयांनी विकलं तर दिवसाला साडेचार लाख, वर्षाला १६.४ कोटी. प्रकल्प स्वतःच्या पायावर उभा. पण १५ एमएलडीच विकलं गेलं तर ८.२ कोटी, आणि पावणेसहा कोटी दर वर्षी पालिकेच्या तिजोरीतून. सगळा प्रकल्प या एका आकड्यावर तरतो किंवा बुडतो. म्हणून टेंडरच्या आधी खरेदीदाराशी ‘घ्या किंवा पैसे भरा’ अटीचा करार करा. पाणी उचललं नाही तरी ठरलेल्या किमान प्रमाणाचे पैसे द्यायचे, अशी ती अट. नुसत्या इरादापत्राला बँकेत किंमत नाही. औष्णिक वीज केंद्र जवळ असेल तर तुमची बाजू भक्कम आहे: २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणानुसार सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरणं बंधनकारक आहे आणि त्याचा खर्च वीजदरात धरता येतो. नागपूर महापालिकेने कोराडीच्या वीज केंद्राला भांडेवाडीतलं पाणी देण्याची व्यवस्था त्याही आधी केली होती. आपल्याकडे पाहण्यासारखं उदाहरण तेच.

दुसरा धोका येणाऱ्या सांडपाण्याचा. डीपीआरमध्ये दरडोई १३५ लिटर पाणी आणि त्याचं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १०८ लिटर गुणिले लोकसंख्या, असं गणित असतं. कागदावर ४० एमएलडी येतं. प्रत्यक्षात निम्म्या घरांची जोडणी मलवाहिनीला नसते, सेप्टिक टँकचं पाणी गटारात मुरतं आणि केंद्रावर १८-२० एमएलडी पोचतं. हॅममध्ये बांधकामाचा हप्ता पाणी कमी आलं म्हणून थांबत नाही. तेव्हा मोजणी स्वतः करा. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी व्ही-नॉच (प्रवाह मोजायची व्ही आकाराच्या खाचेची फळी) लावा, चोवीस तास दर तासाला पातळी नोंदवा. हे एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यात, एकदा हिवाळ्यात, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीही. त्याच वेळी बीओडी, सीओडी (प्रदूषण दाखवणारी जैविक आणि रासायनिक ऑक्सिजनची मागणी) आणि एकूण विरघळलेले क्षार तपासा. सीओडी बीओडीच्या अडीच-तीन पटीच्या वर जात असेल तर वरच्या बाजूला कुणीतरी औद्योगिक सांडपाणी सोडतं आहे आणि तुमची जैविक टाकी त्याने मरेल. ही मोजणी काही लाखांत होते आणि केंद्राची क्षमता २५ की ४० हे तिच्यावर ठरतं. दोन टप्प्यांत, २० अधिक २० अशी रचना केली तर दुसरा टप्पा प्रवाह वाढल्यावरच बांधायचं कलम घालता येतं.

विजेचा धोका कुणाचा, हेही स्पष्ट लिहा. बोलीदाराकडून हजार लिटरमागे किती युनिट लागतील याची हमी घ्या आणि ती बोलीच्या मूल्यांकनात धरा. हमीपेक्षा जास्त वीज लागली तर त्याच्या खिशातून, दर वाढला तर तुमच्या. नाहीतर स्वस्त पंप-ब्लोअर बसवून कमी बोली लावणारा जिंकतो आणि पंधरा वर्षं विजेचं बिल पालिका भरत राहते.

मग तुमचे ४० कोटी कुठून? गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित बॉण्ड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) ८.१ टक्क्यांनी काढले आणि तृतीयक प्रक्रिया केंद्रातला पालिकेचा ४० टक्के वाटा असा उभा केला, बाकी हॅमवर. मला ही जोडणी फार शहाणपणाची वाटते, कारण महाग खासगी पैसा कमीत कमी लागतो. पुण्याने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे बॉण्ड ७.५९ टक्क्यांनी काढले होते, इंदूरने २०२३ मध्ये सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे. केंद्राच्या अमृत या शहरी पाणी-सांडपाणी योजनेत बॉण्डच्या दर १०० कोटींमागे १३ कोटी, जास्तीत जास्त २६ कोटी, असं प्रोत्साहनही ठेवलेलं आहे. पतमानांकन मात्र आधी हवं, आणि त्यासाठी लेखापरीक्षित ताळेबंद वेळेवर झालेले हवेत. दोन-तीन वर्षांचे ताळेबंद बाकी असलेल्या पालिकेने बॉण्डचा विषय काढण्यात अर्थ नाही.

आणखी एक तुलना करायलाच हवी. कंपनीचं कर्ज १० टक्क्यांनी आणि भागभांडवलावर तिला १६ टक्के परतावा हवा असेल तर ७०:३० ला तिच्या पैशाची सरासरी किंमत ११.८ टक्के होते. पालिकेला स्वतः ८ टक्क्यांनी पैसा मिळत असेल तर ६० कोटींवर पहिल्या वर्षीच सव्वादोन कोटींहून जास्त फरक पडतो. कंपनी काम लवकर पूर्ण करून, वीज वाचवून, पंधरा वर्षं केंद्र चालू ठेवून हा फरक भरून काढत असेल तरच पीपीपी करा. सांडपाण्यात बहुतेक वेळा ती काढते, कारण ठेकेदाराने बांधून दिलेली आणि नंतर कुणीच नीट न चालवलेली केंद्रं गावोगाव आहेत. साध्या बांधकामात ती काढत नाही.

आता बँकेचा प्रश्न: पालिका हप्ता भरेल याची खात्री काय? आमच्याकडच्या टेंडरांचा सगळ्यात कच्चा भाग हाच. पालिकेचा नुसता ठराव पुरत नाही. एस्क्रो खातं (ठरलेल्या देण्यांसाठीच पैसा सोडणारं बँक खातं) लागतं आणि त्यात कुठला महसूल वळणार हे नावानिशी लागतं. मालमत्ता कर मोठा असला तरी तो सवलतीच्या महिन्यांत आणि मार्चमध्ये एकदम येतो, अधेमधे आटतो. म्हणून बँकांना दरमहा येणारी रक्कम आवडते. आपल्याकडे २०१७ च्या कायद्यानुसार राज्याकडून महापालिकांना मिळणारं जीएसटी भरपाई अनुदान तसं आहे. पण त्यातून पगार आणि निवृत्तिवेतन जातं, त्यामुळे एस्क्रोमध्ये वळवायची रक्कम पगारानंतर उरणाऱ्या भागातूनच ठरवा आणि नगरविकास विभागाचं संमतिपत्र आधी घ्या. खात्यातून पैसा कुठल्या क्रमाने जाईल तो क्रम करारात लिहा: कर आणि वैधानिक देणी, मग देखभाल, मग हप्ता, मग राखीव निधी. किमान सहा महिन्यांच्या देण्याइतका राखीव निधी सतत भरलेला ठेवा. हे एवढं केलं तरी बोलीतलं व्याज खाली येताना दिसतं.

स्मार्ट सिटी कंपनीबद्दल इथे सावध राहा. कंपनी कायद्याखाली नोंदलेली, राज्य आणि पालिका यांचं निम्मं-निम्मं भागभांडवल असलेली ही कंपनी करार करू शकते, पण मालमत्ता कर तिचा नाही, पाणीपट्टी तिची नाही, अनुदान थांबल्यावर तिच्याकडे नियमित उत्पन्न उरत नाही. तिच्या एकटीच्या सहीवर पंधरा वर्षांचा हप्ता कुणी धरणार नाही. करार त्रिपक्षीय करा, महापालिका देणेकरी म्हणून थेट पक्षकार असू द्या, आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावात वार्षिक रक्कम, वर्षं आणि लेखाशीर्ष स्पष्ट येऊ द्या. ‘पीपीपी तत्त्वावर प्रकल्प राबविण्यास मान्यता’ एवढ्याच ओळीच्या ठरावावर पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि बिलं थांबतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनीही वेळापत्रक बदललं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या प्रकल्प-कर्जाच्या निर्देशांनुसार पीपीपीच्या पायाभूत प्रकल्पात किमान ५० टक्के जागा किंवा मार्गहक्क उपलब्ध असल्याशिवाय बँक पैसा सोडू शकत नाही, आणि उचल सुरू होते ती करारातली ‘नियुक्त तारीख’ (पूर्वअटी पूर्ण होऊन कराराचं काम सुरू होण्याची तारीख) जाहीर झाल्यावरच. म्हणजे ‘जागा देऊ हळूहळू’ हे आता चालणार नाही. सातबारा, मोजणी, आरक्षणातला बदल, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, रेल्वे किंवा महामार्ग ओलांडायची परवानगी ही कामं टेंडर काढण्याआधी सुरू करा. करारानंतर आर्थिक जुळवणीला (कंपनीने कर्ज पक्कं करायला) बहुधा १८० दिवस असतात आणि ते याच कागदांत संपतात. कल्पनेपासून नियुक्त तारखेपर्यंत दीड ते दोन वर्षं धरा. कुणी सहा महिन्यांत करून देतो म्हणत असेल तर तो काहीतरी गाळतो आहे.

पथदिव्यांचं काम आटोपशीर आहे, पण त्यात एक खड्डा आहे. वाचलेल्या विजेतून कंपनीचे पैसे फेडायचे, एवढीच कल्पना. १५० वॅटचा सोडियम दिवा चोकसह साधारण १७० वॅट खातो, जागी ७० वॅटचा एलईडी. रोज ११ तास धरले तर दिव्यामागे वर्षाला ४०० युनिट वाचतात, ७ रुपयांनी २,८०० रुपये, आणि ३०,००० दिव्यांवर ८.४ कोटी. हा आकडा सगळे दिवे आधी पेटत होते असं धरून येतो. चौथा हिस्सा दिवे बंदच असतील तर जुना वापर कमी होता, नवे सगळे पेटणार, आणि खरी बचत ८.४ नव्हे, ४.८५ कोटी. कंपनीला मात्र कागदावरच्या बचतीने हप्ता मिळतो. मग बिल फारसं उतरलेलं दिसत नाही, लेखा विभाग हप्ता अडवतो आणि कंपनी दुरुस्ती थांबवते. केंद्राच्या जानेवारी २०१५ पासूनच्या पथदिवे योजनेतही पालिकांकडे थकबाकी साचत गेली.

म्हणून करार करण्याआधी प्रत्येक स्विचिंग पॅनेलला मीटर बसवा. मीटर नसलेल्या जोडण्यांचं बिल जोडलेल्या भारावर सरसकट येतं, तिथे दिवे बदलूनही भार कमी करून घेतला नाही तर बिल तेच राहतं. महावितरणकडे भार कमी करण्याचा अर्ज कुणी, किती दिवसांत करायचा हे करारात लिहा. रात्री नऊनंतर पॅनेलनिहाय पेटलेले दिवे मोजून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. जुनी भूमिगत केबल आणि गंजलेले खांब कुणाच्या माथी, तेही तिथेच ठरवा, कारण दिवा बंद असण्याचं कारण निम्म्या वेळा दिवा नसतो, केबल असते. ९७-९८ टक्के दिवे चालू ठेवण्याची अट घातली आणि केबल पालिकेकडे ठेवली तर दर महिन्याला दंडावरून वाद होणार. केबलदुरुस्ती दरसूचीसह कंपनीकडेच द्या.

करार मोडला तर काय, हे कलम पालिकांना नकोसं वाटतं, पण बँक पहिल्यांदा तेच पान उघडते. रूढ रचनेत पालिकेने द्यायची रक्कम अशी: कंपनीच्या चुकीने मोडला तर थकित कर्जाच्या ९० टक्के, विम्याची रक्कम वजा करून, पालिकेच्या चुकीने मोडला तर पूर्ण कर्ज आणि समायोजित (महागाई वगैरे धरून सुधारलेल्या) भागभांडवलाच्या १५० टक्के. बँकेला दुसरी कंपनी आणून बसवण्याचा हक्क देणारा प्रतिस्थापन करारही सोबत लागतो. हे काढून टाकल्यावर बोली एकच येते किंवा येतच नाही, आणि मग ‘बाजारात प्रतिसाद नाही’ असा शेरा फाइलवर पडतो.

सल्लागारावर हात आखडू नका. पीपीपी प्रकल्पांच्या तयारीसाठी केंद्राच्या आयआयपीडीएफ निधीतून प्रस्तावामागे ५ कोटींपर्यंत मिळण्याची तरतूद होती, तिचीही चालू मुदत तपासा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेला १ लाख कोटींचा अर्बन चॅलेंज फंड तुमच्या सांडपाणी प्रकल्पाला थेट लागू पडण्यासारखा आहे: खर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्र, पण किमान ५० टक्के बॉण्ड, बँक कर्ज किंवा पीपीपीतून आलेला हवा. वरच्या उदाहरणात पालिकेचा ४० कोटींचा भार १५ कोटींवर येऊ शकतो, आणि मग बॉण्डची गरजही कदाचित उरत नाही.

सह्या झाल्यावर लगेच करायचं काम एक. स्वतंत्र अभियंता (दोन्ही बाजूंसाठी काम तपासणारा) नेमताना त्याचं शुल्क एस्क्रोमधूनच जाईल असं करा, आणि पालिकेत या करारासाठी एक अभियंता व एक लेखाधिकारी नावानिशी ठेवा, बदली झाली तर हस्तांतरणाची टिपणी बंधनकारक. केंद्रावरचे प्रवाहमापक आणि ऑनलाइन गुणवत्ता मीटर यांचं अंशांकन (अचूकतेची तपासणी) दर सहा महिन्यांनी तिसऱ्या प्रयोगशाळेकडून करून घ्या, कारण देखभालीचं बिल आणि दंड दोन्ही त्याच आकड्यांवर निघतात.